खालची पात जास्त वाकते, तर तासायचं कुठे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. धामणाच्या काठीचं पहिलंच धनुष्य तो करतो आहे. लांबी ५ फूट ८ इंच, मधे कडक मूठ, दोन्हीकडे निमुळतं. भिंतीतल्या खुंटीवर ठेवून २२ इंचांपर्यंत ओढलं तर हुकाचा काटा १६ किलो दाखवतो. खालची पात, म्हणजे मुठीखालचा वाकणारा भाग, वरच्यापेक्षा जास्त वाकते आणि मुठीपासून वीतभर अंतरावर कोन पडल्यासारखी दिसते. त्याला २८ इंचांच्या ओढीला ४० पौंड जोर हवा आहे. तो विचारतो, दोन्ही पाती सारख्या करायला कुठे तासू? आणि हे तुटेल का?

भाऊ, पहिलं काम म्हणजे दोरी उतरवा. उत्तर वाचून होईपर्यंत ते धनुष्य खुंटीवर ताणून ठेवू नका. कोन दिसत असताना ताणून ठेवलेलं प्रत्येक मिनिट त्या एकाच जागेवर पडतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. दोन पाती सारख्या नाहीत असं तुम्हाला वाटतं. मला वाचून वाटतं ते असं, की तुमच्या धनुष्यात एक जागा एकटीच काम करून राहिली आहे आणि बाकीचं लाकूड आरामात बसलं आहे. खालची पात जास्त वाकत नसावी. त्या पातीतली वीतभर जागा जास्त वाकते, म्हणून तिचं टोक जास्त खाली येतं आणि नजरेला अख्खी पात कमजोर दिसते. दोन्हींत फरक मोठा आहे, कारण तासायची जागा त्याने बदलते. नुसतं टोकांकडे पाहून वरची पात तासत सुटलात तर दोन्ही टोकं एका रेषेत येतील, कोन मात्र तसाच राहील आणि एक दिवस तिथूनच मोडेल.

मी सुतार आहे. गाडी, वखर, तिफण यांत हात बसला आणि धनुष्यं त्यानंतर आली. आमच्याकडे गडचिरोलीच्या बाजूला तिरकमठा नवा नाही. माझ्या ओळखीचा एक म्हातारा गोंड तर खुंटी-काट्याशिवायच करायचा. एक टोक जमिनीला टेकवायचं, मुठीवर हाताने दाब द्यायचा, एक डोळा मिटून पातीकडे पाहायचं आणि कोयत्याच्या धारेने चार वेळा खरवडायचं. मग पुन्हा दाब. दिवसभरात तो जेवढं लाकूड काढायचा तेवढं मी पाच मिनिटांत वासल्याने उडवत होतो, आणि त्याची धनुष्यं टिकायची, माझी तुटायची.

लांबून काही गोष्टी कळत नाहीत, त्या आधी बोलतो. काठी किती वाळली आहे? २२ इंच तुम्ही कुठून मोजले, मुठीपासून की चढवलेल्या दोरीपासून? मोजायचं मुठीपासून दोरीपर्यंत. दोरीपासून मोजलं असेल तर तुमची खरी ओढ पाच-सहा इंचांनी जास्त झाली आहे आणि पुढचा सगळा हिशोब बदलतो. तिसरं, दोरी चढवलेली होती की सैल लांब दोरीवर ओढलं? सैल दोरीवर काट्याचा आकडा भरवशाचा नसतो. लांब दोरी फक्त सुरुवातीला, पाती वाकू लागल्या का एवढं पाहण्यापुरती. पाती थोड्या वाकायला लागल्या की नीट बसणारी दोरी करा, मूठ आणि दोरीत ३-४ इंच अंतर राहील इतकीच चढवा आणि पुढचं काम तिच्यावर करा. पूर्ण झालेल्या धनुष्यात हे अंतर मुठीवर मूठ ठेवून अंगठा उभा केला की येतं तेवढं, सहा इंचांच्या आसपास.

तुम्ही सांगितलेले आकडे बरोबर आहेत असं धरून चालतो. २२ इंचांना १६ किलो म्हणजे ३५ पौंड. अशा धनुष्यात शेवटच्या इंचांना दर इंचाला दोन-अडीच पौंड चढतात. २८ इंचांपर्यंत गेलात तर हे ५० पौंडांच्या घरात जाईल. तुम्हाला ४० हवेत, म्हणजे लाकूड शिल्लक आहे. पहिल्या धनुष्यात अशी शिल्लक क्वचितच राहते.

शिल्लक किती, तेही सांगतो. लाकडाचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो, रुंदी दुप्पट केली तर दुप्पटच. उलट्या बाजूने पाहिलं तर २० टक्के कडकपणा कमी करायला जाडी फक्त सात टक्के कमी करावी लागते. तुमची पात मधे १६ मिलिमीटर जाड असेल तर सगळं मिळून एक मिलिमीटरच्या आसपास. तुमचं सगळं उरलेलं काम एवढंच आहे, एक मिलिमीटर, तेही अख्ख्या लांबीवर वाटून. नवखा माणूस वासला किंवा जाड कानस घेऊन एकाच जागी दहा वेळा ओढतो तेव्हा तो मिलिमीटर तिथेच संपलेला असतो. कोन असाच तयार होतो. तुमचाही बहुतेक असाच झाला असेल, एखादी गाठ किंवा फुगवटा सपाट करण्याच्या नादात.

म्हणून आता वासला, रंधा, जाड कानस सगळं खोलीबाहेर ठेवा. हातात फक्त खरवडणारी धार. कोयत्याची सरळ कड, जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा किंवा फुटलेली काच, काहीही चालेल. काच घेतली तर जाड फडकं गुंडाळा.

कोनाला हात लावायचा नाही. खडूने त्या जागेभोवती वेटोळं काढा, दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, आणि आत एकही ओरखडा नको. कमजोर जागेला ताकद परत देता येत नाही. तिच्या शेजाऱ्यांना तिच्याएवढं मऊ करता येतं, बस. म्हणजे त्याच पातीत कोनापुढचा टोकाकडचा भाग थोडा मऊ करायचा आणि वरच्या पातीला बऱ्यापैकी, पण सगळीकडे. यात वजन (म्हणजे ओढायला लागणारा जोर) उतरतं. पण तुमच्याकडे ते उतरवायला आहे.

पण त्याआधी एक तपासणी करा, हिला दोन मिनिटं लागतात आणि कधीकधी आठवड्याचं काम वाचतं. धनुष्य खुंटीवरून काढा, टोकं उलटी करून पुन्हा ठेवा आणि ओढून पाहा. जास्त वाकणारी पात धनुष्यासोबत दुसऱ्या बाजूला गेली तर दोष धनुष्यात आहे. ती भिंतीच्या त्याच बाजूला राहिली तर दोष खुंटीत आहे. मूठ एका बाजूला कलली असते किंवा दोरी ओढणारा हुक मधोमध नसतो. माझ्याकडे एकाने अशीच एक पात तीन दिवस तासली होती. खुंटी अर्धा इंच बाजूला होती, धनुष्य बिचारं ठीक होतं.

दोष धनुष्यात निघाला तरी आणखी एक स्वस्त उपाय आहे. मुठीला अजून हाताचा आकार दिला नसेल तर धनुष्य उलटं धरा. जी पात थोडी जास्त वाकते ती वर घ्या. बाण हाताच्या वरून सुटतो, त्यामुळे खालच्या पातीवर जास्त ताण येतो आणि ती थोडी कडक असलेली बरी. दोरी चढवून मुठीच्या दोन्ही कडांजवळ दोरीपर्यंत अंतर मोजलं तर वरच्या बाजूला ३ ते ६ मिलिमीटर जास्त यावं. तुमची आज नेमकी उलटी स्थिती आहे, तर धनुष्यच उलटं केलं की अर्धं काम झालं. कोन मात्र राहतोच, तो काढावाच लागतो.

आता पाहायचं कसं, यावर जरा थांबतो, कारण हात सगळ्यांचा चालतो, चुकते ती नजर.

मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने दर दोन इंचांना आडव्या-उभ्या रेघा ओढल्या आहेत. धनुष्य खुंटीवर ठेवतो, दोरीला हुक लावून दोरखंड खाली कप्पीतून काढतो आणि सहा-सात फूट लांब उभा राहून ओढतो. धनुष्य तुटलं तर तुकडा मला लागू नये हे एक. दुसरं म्हणजे जवळून वाक दिसतच नाही. जवळ उभं राहिलं की फक्त टोक दिसतं. मोबाईलवर फोटो घ्या, पण फोटो नेहमी एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून. तिरका फोटो खोटं बोलतो.

धामणाची काठी रानातून येते, कारखान्यातून नाही. तिच्यात आधीपासून थोडा वळसा असतो. एखादी पात मुळातच पुढे झुकलेली असेल तर ताणल्यावर ती कडक दिसेल, आणि मुळात मागे झुकलेली पात कमजोर दिसेल. म्हणून दोरी उतरवलेला आणि ताणलेला असे दोन फोटो शेजारी ठेवा. पाहायचं ते ताणल्यावरचा आकार नाही, दोघांतला बदल. कोणत्या टप्प्यात किती बदल झाला तेवढं. पहिल्या धनुष्यात हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं, मी नुसत्या बाह्यरेषेला मापत होतो.

नजरेवर भरवसा नसेल तर एक सोपं साधन करा. साधारण सहा इंच लांब लाकडाचा सरळ ठोकळा घ्या. मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसवा, टोक खाली थोडं बाहेर येईल असं. धनुष्य दहा-बारा इंचांपर्यंत ओढून अडकवा आणि ठोकळा पोटाच्या बाजूने ठेवा. पोट म्हणजे तुमच्याकडे, दोरीकडे असलेली बाजू. ठोकळ्याची दोन टोकं लाकडाला टेकतात आणि मधे फट दिसते. जिथे वाक जास्त तिथे फट मोठी. सगळ्यात मोठ्या फटीत पेन्सिल जेमतेम टेकणार नाही इतकी बाहेर काढून पक्की करा. आता ठोकळा पातीवरून सरकवा. जिथे लाकूड कमी वाकलं आहे तिथे पेन्सिल रेघ उमटवेल. ती रेघ म्हणजे खरवडायची जागा. तुमच्या बाबतीत कोनावर रेघ उमटणार नाही, बाकी बऱ्याच ठिकाणी उमटेल. मुठीला लागून मूठभर भाग आणि टोकांचे शेवटचे चार-पाच इंच सोडून द्या. ती कडक राहिलेली बरी.

रेघेवर आठ-दहा वेळा हलक्या हाताने खरवडा, पोटाच्या बाजूनेच. पाठीला, म्हणजे समोरच्या बाजूला, कधीच नाही. धामणाची साल काढली की खाली जे आलं ते तसंच ठेवायचं, गुळगुळीत करायची हौस बिलकुल नको. पाठीचे तंतू ओढ सहन करतात, ते मधेच कापले की तिथून चीर उठते. माझं दुसरं धनुष्य असंच गेलं. पाठीवरची एक गाठ मला खटकत होती, मी रंध्याने सपाट केली. पंधराव्या बाणाला त्याच जागी बारीक कूस उभी राहिली.

खरवडून झालं की लगेच काट्याकडे धावू नका. कमी ओढीवर, दहा-बारा इंचांपर्यंत, तीस वेळा ओढा आणि सोडा, सावकाश. नुकतंच तासलेलं लाकूड बदल लगेच दाखवत नाही. वीस-तीस वेळा वाकवलं की मग दाखवतं. हे न करता पुन्हा तासणारा माणूस दोनदा तासतो आणि नंतर दोन्ही तासण्या एकदम दिसतात.

आणि काट्याचा नियम. तुमचं अंतिम वजन ४० पौंड, म्हणजे १८ किलो. काटा १८ दाखवेल तिथे थांबा, मग ती ओढ १४ इंच असो की २४. तिथे वाक तपासा, तासा, तीस वेळा वाकवा, पुन्हा पाहा. दुरुस्ती झाली की तेच १८ किलो इंच-दोन इंच पुढे येतील. पण वाक चुकीचा दिसत असेल तर १८ चीही वाट पाहू नका. चूक जिथे दिसली तिथेच थांबा, कारण एक इंच पुढे गेलात की चूक कोरली जाते. तुम्ही मात्र कोन दिसत असताना २२ पर्यंत गेलात. आता परत १६-१७ इंचांवर या आणि कोन निवळेपर्यंत तिथेच राहा.

तुटेल का, याचं उत्तर पोटाची बाजू देईल. कोनाच्या जागेवर पोटाला उजेड तिरका पाडून पाहा. आडव्या, केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर लाकडाचे तंतू दबून मोडायला लागले आहेत. रेघ एखादीच असेल तर दोन्ही बाजूंचं लाकूड मऊ करून वाचेल, वजन पाच-सात पौंड कमी धरा. रेघा खूप असतील तर ते धनुष्य भिंतीवर टांगा आणि दुसरी काठी घ्या. दोरी उतरवल्यावर पाती किती वाकलेल्या राहतात तेही पाहा. सरळ पट्टी लावली आणि टोक इंचभर मागे राहिलं तर चालतं. दोन इंच किंवा जास्त राहिलं तर एकतर लाकूड ओलं आहे किंवा जास्त ओढलं गेलं आहे.

ओलाव्यावर आपल्याकडे वेगळं बोलावं लागतं. आपला उन्हाळा आणि आपला पावसाळा ही दोन टोकं आहेत. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या बाजूला पारा ४५ च्या वर जातो, हवेत ओल नसते आणि लाकूड कोरडं होऊन ठिसूळ होतं. माझं पहिलं धनुष्य असंच गेलं. मेच्या दुपारी, पत्र्याच्या छपराखाली, मित्रांना दाखवायला म्हणून २६ इंचांपर्यंत ओढलं. आवाज बंदुकीसारखा आला, वरचा तुकडा पत्र्यावर आदळला आणि माझ्या कपाळावर व्रण राहिला. जुलैत उलट होतं. लाकूड ओल पितं, तुटत नाही पण वाक धरून बसतं आणि परत सरळ होत नाही. मी हे काम दिवाळी ते होळी याच काळात करतो. काठी कापली की साल काढून दोन्ही टोकांना रंग किंवा फेविकॉल लावा, सावलीत आडवी ठेवा आणि आठवड्याला वजन करा. दोन-तीन आठवडे वजन हललं नाही की तयार. अंगठ्याएवढी काठीसुद्धा घाईने उन्हात वाळवली तर चिरते. तुमची काठी कधी कापली ते तुम्ही लिहिलं नाही. दोन महिन्यांपूर्वीची असेल तर आज तासूच नका.

धामण निवडली ते मात्र चांगलं केलंत. खांद्यावरच्या कावडीला आणि अवजारांच्या दांड्याला ती याच लवचिकतेमुळे वापरतात. साग कितीही सुंदर असला तरी यासाठी मी घेत नाही. पुढचं धनुष्य भरीव बांबूचं करून पाहा. तिथे पोटाची बाजू तासायची आणि कातडीची बाजू पाठ म्हणून तशीच ठेवायची, हे धामणीहून सोपं जातं. स्वतःच्या धुऱ्यावरचा बांबू घ्या. वनक्षेत्राबाहेरच्या जमिनीवरचा बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने झाड राहिला नाही. राखीव जंगलातून मात्र काहीही तोडून आणू नका. तयार धनुष्य घेऊन ताडोबा-मेळघाटाच्या बाजूला भटकायलाही जाऊ नका. अभयारण्यात शस्त्र न्यायला आधी परवानगी लागते आणि शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. गावात लक्ष्याला लावायला एक भाताच्या तणसाची पेंढी पुरते.

२०२३ ला नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला जगज्जेता झाला तेव्हापासून आमच्याकडे पोरं धनुष्य मागायला येतात आणि सगळ्यांना ४५-५० पौंड हवे असतात. तो कंपाउंड धनुष्य मारतो, त्यात चाकं असतात, शेवटी हातावर थोडंच वजन राहतं. आपल्या साध्या लाकडाच्या धनुष्यात पूर्ण वजन बोटांवरच राहतं. तुम्ही नवे असाल तर ३० पौंडांवर थांबलात तरी माझ्या नजरेत काही कमी नाही. आणि कोन काढताना वजन ३५ वर आलं तर हळहळू नका, ते धनुष्य तुम्हाला जास्त दिवस पुरेल.

थोडक्यात क्रम असा. दोरी उतरवा, पोटावर रेघा आहेत का पाहा. टोकं उलटवून खुंटी तपासा. जास्त वाकणारी पात वर घ्या. कोनाला खडूचं वेटोळं काढा. पेन्सिलीच्या ठोकळ्याने कडक जागा शोधा, दहा वेळा खरवडा, तीस वेळा वाकवा. १६-१७ इंचांवर कोन निवळल्याशिवाय पुढे जाऊ नका आणि काट्याला १८ किलोच्या पलीकडे कधीच नेऊ नका. २६ इंचांना पोहोचलात की खरवडणं बंद, उरलेले दोन इंच काचकागदाने आणि बाण मारता मारता येतात. बाण नसताना ताणून दोरी सोडू नका, एकदाही नाही. सगळी शक्ती पातीतच परत जाते.

शंभरेक बाण मारून झाले की दोरी उतरवून पुन्हा पट्टी लावा आणि पाहा, वाक वाढला का. वाढला नसेल तर जवसाचं तेल फडक्याने पातळ लावा, दिवसाआड तीन-चार हात, सावलीत. खुंटीला उभं करून ठेवू नका, दोन खिळ्यांवर आडवं ठेवा. चुलीच्या वर नको, पत्र्याखाली नको. शेतावर नेताना मोटारसायकलला बांधून दुपारभर उन्हात उभं करू नका. माझ्या पुतण्याने केलं होतं, संध्याकाळी पहिल्याच ओढीला गेलं.